परतीचा डबा

शेजारणीनं काही दिलं की तिचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान साखरेची चिमूट तरी टाकायची, ही माझ्या बायकोची, जनाची शिस्त. मी तिची त्यावरून टर उडवायचो. खोपोलीच्या वीजघरात फिटर असल्यामुळे आपल्याला सगळ्यातलंच कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

त्या वर्षी कार्तिकात चक्रीवादळ आलं आणि कडावपलीकडची, डोंगराखालची एक वाडी पार झोपली. भिसेगावातल्या आम्ही बौद्ध तरुणांनी तांदूळ, चपात्या, जुनी लुगडी गोळा केली, पावडरीचं दूध कालवून कॅनमध्ये भरलं आणि टेंपो काढला. नियम मी घातला होता: वादळात सापडलेल्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. त्या नियमाचा मला फार अभिमान होता.

वाडीत कापलेलं भात खाचरांत तरंगत होतं. लोंब्यांना कोंब फुटले होते आणि त्यांचा आंबूस वास कपड्यांत शिरत होता. सरपण सगळं भिजलेलं, त्यामुळे एकाही घरात चूल पेटलेली नव्हती. माणसं शाळेच्या पडवीत होती. तिथंच पोपट नावाचा शेतकरी आपल्या आईवेगळ्या शकूला मांडीवर घेऊन बसला होता. चार-पाच वर्षांची पोर, पण वादळापासून तिनं तोंड मिटलं होतं. चमच्यानं घातलेलं दूध हनुवटीवरून खाली यायचं. आमच्याबरोबरचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आजउद्यात पोटात काही गेलं नाही तर पोर हातची जाईल.

उरलेलं दूध घेऊन मी वाडीच्या टोकाला गेलो. एका पडलेल्या घरापाशी हिरव्या लुगड्यातली म्हातारी उभी होती. तिनं नातीसाठी दूध मागितलं. तिच्याकडे भांडं नव्हतं, म्हणून मी माझा जेवणाचा डबा रिकामा करून भरला. विटाळाच्या जुन्या सवयीनं ती मागे सरकली, डबा खाली ठेव अशी खूण करायला हात उचलला. मग काय वाटलं कोण जाणे, पुढे येऊन तिनं तो माझ्या हातातूनच घेतला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

"शकू माज्याच हातचं खाती," ती म्हणाली.

संध्याकाळी शकूच्या ओठांवर दुधाची पांढरी रेघ होती आणि ती शांत झोपली होती. पोपट म्हणाला, माझा डोळा लागला होता, कुणी पाजलं ठाऊक नाही. आजीनं नातीला दूध पाजलं यात सांगण्यासारखं काय, म्हणून मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारी त्याच पडलेल्या घरापाशी उभी होती. डब्यात गूळभात होता, वाफा येत होत्या. मी माझा नियम मोठ्या तोऱ्यात सांगितला, भात तिच्या पदरात परत घातला आणि डबा घेतला.

"रिकामा नेऊ नको रं बाबा," ती म्हणाली. "आमी फुकटचं खात नाय. मंग पोरीला तरी कसं जाईल?"

दुपारी शकू ओकली. तिनं पुन्हा तोंड मिटलं आणि मान टाकली. मी पोपटला म्हणालो, तुझ्या आईला बोलाव, तिच्या हातचं खाते ती. त्यानं शकूचं तोंड पुसलं आणि मान वर केली.

"आय भिताडाखाली गेली, दादा. वाडीत सुकं लाकूड व्हतं नव्हतं ते तिलाच लावलं. तवापासून पोर गप हाय."

दुसरीच कुणी म्हातारी असेल, असं मी स्वतःला समजावलं. तरी डबा दुधानं भरला आणि त्या घरापाशी गेलो.

कुणी नव्हतं. चुलीत पाणी साचलं होतं.

डबा चुलीच्या दगडावर ठेवला. आपल्याला कुणी बघत नाही ना, हे पाहून घेतलं.

"आजी," मी म्हणालो, "द्याल ते घेईन."

टेंपोकडे परत आलो, तर डबा सीटवर होता. झाकण गरम होतं.

गूळभात. मी उभ्याउभ्याच खाल्ला. एक शीत ठेवलं नाही.

पोपट माझ्या शेजारी तांदळाचं पोतं उतरवत होता. पडवीतून शकूचा आवाज आला, "आजून दे." त्यानं पोतं तिथंच टाकलं आणि रडत धावत सुटला.

घरी आल्यावर जनानं डबा धुवायला घेतला आणि थांबली. बाहेरून इतका लख्ख कुणी घासला, म्हणून तिनं विचारलं. मग तिनं झाकणाच्या खाचेतून बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला करडी राख लागली होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "ज्यांनी दिला त्यांच्या घरात चूल तरी पेटली म्हनायची."

मी हो म्हणालो.