कॅसेटीतली मोकळी जागा

झोयाचा निकाह ठरला ते साल दोन हजार चार. निकाहाच्या दिवशी बापाची दुवा सगळ्यांना ऐकवायची, असं पोरीनं मनात घेतलं होतं. बापाचा आवाज एकाच कॅसेटीत उरला होता, आणि तीही खरखरायला लागली होती. झोयाची आई शरीफा ती रुमालात गुंडाळून राजिवड्याहून गोखले नाक्यावर मुझम्मिलच्या स्टुडिओत गेली. मुझम्मिल तिच्या बहिणीचा मुलगा; तिला खाला, तिच्या नवऱ्याला खालू म्हणायचा. लग्नांच्या व्हिडिओंना आवाज जोडायचा.

शरीफाला पूर्वी वाचता येत नव्हतं. म्हणून आखातातल्या दम्मामहून तिचा नवरा हारुन पत्राऐवजी कॅसेट धाडायचा. एका बाजूला तो बोलायचा, दुसरीवर ती, आणि तीच कॅसेट परत जायची. ह्या एका कॅसेटीला तिनं उत्तर भरलं नाही, म्हणून ती घरात राहिली. हारुनची एक सवय होती. काही विचारलं की थोडा वेळ गप्प बसायचा, जणू समोर बसून ऐकतोय. तीही वेडी, चुलीपाशी टेप लावून त्या मोकळ्या जागेत उत्तरं द्यायची.

मुझम्मिलकडं आवाज साफ करायची तीन सॉफ्टवेअर होती. पहिल्यानं खरखर थोडी गेली, पण हारुन हंड्यात तोंड घालून बोलतोयसं वाटायला लागलं. दुसऱ्यानं श्वासच कापला.

"ह्यानं तर खालूंना बातम्या वाचायला बसवलंय," मुझम्मिल हसला.

"हसतोस काय मेल्या? माणूस गेला कुठं त्यातला?"

तिसऱ्यात नवं प्लगइन होतं. त्याला आधी नुसती खरखर ऐकवायची, मग तेवढीच ते सगळीकडून वजा करतं.

"बोलणं नाय अशी जागा पायजे, खाला."

तशा जागा भरपूर होत्या. "झोया कशी हाय गो?" ह्याच्या पुढची त्यानं निवडली. साफ केल्यावर तिथं काहीच उरायला नको होतं.

कुरकुर उरली. पाळण्याच्या कडीसारखी.

"प्लगइनचा दोष असेल," म्हणून त्यानं तीच जागा उरलेल्या दोन्ही सॉफ्टवेअरमधून काढली. कुरकुर होतीच. आता भांडं खाली ठेवल्याचा आवाजही आला. भर दुपार होती, खाली रिक्षा वाजत होत्या. त्यानं खिडकी लावून घेतली आणि पुन्हा प्लगइन चालवलं.

"खोकला गेला तिचा," बाईचा आवाज म्हणाला.

मुझम्मिलनं मान वळवली. "खाला, दुसऱ्या बाजूचं ह्या बाजूला उतरलंय काय?"

"दुसरी बाजू कोरी हाय."

त्यानं कॅसेट उलटून लावली. कोरीच होती.

तोवर संगणकाच्या पडद्यावरची रेघ पुढं सरकून शेवटच्या सवालापाशी थांबली होती. त्यानं ती सुरू केली.

"कंत्राट संपतंय. आणखी दोन वर्षांची सही करू, का येऊ गो परत? बोल."

शरीफाला तो दिवस आठवला. शेजारच्या घरावर स्लॅबचं छप्पर चढलं होतं आणि तिच्या घरावर कौलंच होती. ती टेपाला काय बोलली ते घरात कुणी ऐकलं नव्हतं. मग तिची तिलाच लाज वाटली. कॅसेट भरली नाही, धाडली नाही. हारुननं सही आपल्या मनानंच केली, असं ती अठरा वर्षं सगळ्यांना सांगत आली. स्वतःलाही.

"बंद कर," ती म्हणाली.

मुझम्मिलचा हात माऊसवर होता. हलला नाही.

"राहा तिकडंच," बाई म्हणाली.

मग काही नाही.

मग हारुन, अगदी हळू.

"बरं."

मुझम्मिलनं स्पीकर बंद केला. "हे आधी नव्हतं, खाला."

"पहिलावाला चालेल," शरीफा म्हणाली. "हंड्यातला. दुवा तेवढी घे, बाकीचं पूस."

निकाहात ती दुवा वाजली. झोया रडली. बाप जवळच उभा असल्यासारखं वाटलं, म्हणाली.

हारुन दम्मामला इमारतीच्या परांचीवरून पडून वारला तो बारा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीला. सही केलेल्या दोन वर्षांतले एकोणीस दिवस उरले होते.