तीन नंबरचा पंप

तो धावतच जिना उतरला आणि पंपघरात शिरल्या शिरल्या ओरडला, "पंप बंद करा! वर अलार्म वाजतोय, प्रचंड हादरतोय तो!"

तीन नंबरचा पंप शहाण्या बाळासारखा चालला होता. फिटरबाई मात्र पान्ह्याने त्याच्या बुडाशी ठोकाठोक करत होती, कारण एक गंजलेला नट निघता निघत नव्हता. कालच या धावत आलेल्या तरुणाने पंपावर हादरे मोजणारा इवलासा सेन्सर बसवला होता. त्या बिचाऱ्या सेन्सरला ती ठोकाठोक म्हणजे भूकंपच वाटला!

"पंप नाही हादरत," ती म्हणाली, "तुम्हीच हादरलाय. पाणी देऊ?"

तो ओशाळून हसला... गालाला खळी पडली. झालं! सगळं तिथेच बिघडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा पान्हा सेन्सरजवळ आपटला. चुकून, असं तिचं म्हणणं. सेन्सरवाला आला, बेअरिंगला हात लावून पाहिलं, इकडचं तिकडचं बोलला, गेला. मग अशा चुका रोजच व्हायला लागल्या.

"तुमचा पंप फार लाडावलाय," तो एकदा म्हणाला.

"माणूस बघून लाडात येतो तो—"

आणि एका सकाळी मिस्त्रीकाका सांगत आले, "त्या सेन्सरवाल्याचं काही खरं नाही. साहेब म्हणालेत, आज एक जरी खोटा अलार्म वाजला, तर सेन्सर भंगारात आणि हा घरी."

आपली गंमत आणि त्याच्या पोटावर पाय! तिने पान्हा पेटीत टाकून कुलूप लावलं.

संध्याकाळी कामाची सुट्टी झाली. अलार्म नाही, तोही नाही. रडू येतंय म्हणून तिला स्वतःचाच राग आला. जिन्याकडे बघायचं नाही असं ठरवून ती जिन्याकडेच बघत बसली.

पावलं वाजली... आज धावत नव्हती.

"आज अलार्म नव्हता," ती म्हणाली.

"म्हणूनच आलो. साहेबांनी काम पास केलं, पण मला चैन पडेना."

"मीच ठोकत होते हो... तुमची नोकरी गेली असती!"

"माहीत होतं. बेअरिंग खराब व्हायला लागलं की हादऱ्यांचा आलेख हळूहळू चढतो. तुमचा तर दार ठोठावल्यासारखा दिसायचा."

"मग साहेबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ठोठावणं बंद केलं असतं—"

तिने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.