राखेच्या रेघेतला ढीग

शुभांगी माझी भाची. खनिज अभियांत्रिकीत पीएच.डी. करते. ती नेमकं काय करते असं कोणी विचारलं, की माझी बहीण सांगते, "गोटे फोडते." शास्त्रीयदृष्ट्या यात चूक काढता येत नाही.

चिखल्याच्या मँगनीज खाणीजवळच्या एका बंद राइस मिलचं शेड तिने भाड्याने घेतलं होतं. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची फरशी, जुना वजनकाटा, कोपऱ्यात अजून रेंगाळणारा कोंड्याचा वास. मधोमध मँगनीजच्या बारीक दळलेल्या खनिजाचा काळा ढीग. त्यातून पिशवीभर नमुना काढून तो पाचच्या आत तुमसरच्या प्रयोगशाळेत द्यायचा होता. आज नमुना गेला नाही, तर तपासणीचा नंबर हुकणार, प्रबंध हुकणार आणि बहिणीचं म्हणणं कायमचं खरं ठरणार.

मला सोबत नेलं, कारण स्कूटर माझी होती.

नमुना काढायची रीत साधी आहे. ढिगाला टोक आणायचं, ते चेपून पसरट करायचं, पोळीसारखे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे आणि उरलेल्या दोन भागांचा पुन्हा ढीग करायचा. असं करत शेवटी पिशवीभर उरतं, आणि ते सगळ्या ढिगाच्या वतीने बोलतं. निवडणुकीतही असंच करतात. तिथे फेकायचे भाग चुकतात, एवढंच.

फावडं मारायला गावातल्या रत्नाबाई आल्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत त्या खळ्यावर धानाच्या राशीला होत्या. त्यांनी ढीग सुरेख रचला, पदराच्या गाठीतून चुलीतली राख काढली आणि ढिगाभोवती ऐसपैस गोल रेघ ओढली.

"हे काय, रत्नाबाई?"

"रास हाय नं, भाऊ. रेघ नाही मारली तं बाहेरचं कोणी घेऊन जाते."

"गोटे कोण नेणार?"

"खाणीतून नेऊनच राहिले नं रोज, टरक भरभरून."

शेडमधला एकुलता एक पंखा रेघेच्या आत होता, म्हणून मी खुर्ची आत घेतली. शुभांगी आतच बसून भाग पाडत होती. रत्नाबाई रेघ ओलांडत नव्हत्या. फेकायचं घमेलं बाहेर उभ्या राहून घ्यायच्या.

पहिले दोन भाग फेकले. उरलेला ढीग शुभांगीने काट्यावर घातला. वजन आधीइतकंच भरलं.

तिने काट्याला एक थाप मारली. यंत्र दुरुस्त करायची आपल्याकडची ही पहिली पायरी. पुन्हा तेच वजन. मग रत्नाबाईंना काट्यावर उभं केलं.

"परवा राशनच्या दुकानात एवढंच भरलं होतं," त्या म्हणाल्या. काटा निर्दोष सुटला.

शुभांगीने तिच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, ओलावा असेल. सरांच्या मते जगात जे काही होतं ते ओलाव्याने होतं.

पुन्हा चार भाग, पुन्हा दोन बाहेर. ढीग वाढताना दिसायचा नाही. माणूस पापणी मिटायचा आणि टोक जागेवर आलेलं असायचं. आवाज नाही, धूळ नाही. माझ्या तोंडात तेवढी लोखंडाची चव यायला लागली होती.

दुपारपर्यंत बाहेर फेकलेला माल मूळ ढिगापेक्षा मोठा झाला होता. मूळ ढीग आपल्या जागी, आपल्या आकारात.

"माह्या धानाले कधी अशी बरकत आली नाही," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांना ते लागलं होतं. "आन गोट्याले आली पाहा!"

शुभांगी हसली नाही. "मामाजी, माल हवेतून येत नाही. इथं वाढून राहिला म्हणजे कुठंतरी घटून राहिला असन."

तिने शेडमधलं सगळं काट्यावर चढवलं. फावडं ठीक. खुर्ची जरा हलकी वाटली. मग ती माझ्याकडे पाहू लागली.

मी चढलो.

डॉक्टरांनी वर्षभरात जेवढं उतरवायला सांगितलं होतं, त्याहून जास्त मी खुर्चीत बसून उतरवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण पोट होतं तसंच होतं. पट्टा त्याच छिद्रात होता.

"आता तू चढ," मी म्हटलं.

"टाइम नाही, मामाजी."

"शुभांगी, तू सकाळपासून आत आहेस."

तिने ऐकलं नाही. ती घड्याळ पाहत होती.

"रत्नाबाई, रेघ पुसा."

"रास उचलल्याबिगर नाही पुसत, भाऊ."

"पुसा!"

त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि पायाने राख विसकटली. त्यानंतर ढीग शहाण्यासारखा वागला. अर्धा झाला, पाव झाला, पिशवीत मावला. शुभांगीने पिशवीचं तोंड बांधलं आणि ती छातीशी धरली. पिशवी चांगली जड होती.

माझ्या स्कूटरची मागची स्प्रिंग म्हातारी आहे. कोणी बसलं की कण्हते. शुभांगी पिशवीसकट बसली तेव्हा जेमतेम कुरकुरली. रस्ताभर मी आरशात पाहत होतो. ती होती. ओढणी घट्ट बांधलेली, दोन्ही हात पिशवीभोवती.

"काहून वळून वळून पाहून राहिले, मामाजी? समोर पाहा नं!"

तुमसरला पोचलो तेव्हा प्रयोगशाळेची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. आतल्या माणसाने गजांखालच्या फटीतून हात बाहेर काढला. शुभांगी पिशवी सोडेना.

"द्या नं, मॅडम. पाच वाजून राहिले."

तिने एका हाताने खिडकीचा गज पकडला, आणि मग दुसऱ्याने पिशवी आत सरकवली.

आतल्या माणसाने शिक्का मारला. नंबर लागला. प्रबंध बुडता बुडता वाचला.

"झालं, मामाजी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद होता.

मी खाली पाहिलं. तिच्या चपला फरशीवर नीट जोडीने होत्या. पाय त्यांच्या वीतभर वर होते.

तिने दुसराही हात गजावर नेला आणि आतल्या माणसाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाली,

"काहीतरी जड द्या."