कावळ्याला दिलेला शब्द

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पण हे खरं आहे, आणि यातलं पाप माझं आहे.

तारीख २१ डिसेंबर २०२४, शनिवार. जागा सिडको, छत्रपती संभाजीनगर. रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

ऋतुराज माझा चुलतभाऊ. जर्मनीत शिकतो. त्याच्या कॉलेजनं एका सेमिस्टरसाठी त्याला इथल्याच विद्यापीठात पाठवलं. जुलैत आला, स्वतःच्याच बंद घरात राहिला. सोबतीला मी.

घर त्याच्या वडिलांचं, साहेबरावकाकांचं. मारकुटा माणूस. पोरगं दाराकडं वळलं की विचारायचे, "कुठं निघाला रं?" आणि पट्टा काढायचे. ऋतुराज जर्मनीला शिकायला नाही, पळायला गेला होता. दोन वर्षांपूर्वी काका वारले, तेव्हाही आला नाही. अग्नी मी दिला.

दहाव्याला कायगावच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा अडकली की असं होतं म्हणतात. भाऊबंद वचनं देऊन देऊन थकले. दोन तास झाले. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि समोरचा मेला झाडावरून हलेना. वैतागून मी हात जोडले.

"काका, ऋतुराजला आणतो. तुमच्या घरात राहील. परत जाणार नाही."

कावळा... लगेच खाली उतरला.

मी जेवायला पळालो. ऋतुराजला हे कधीच सांगितलं नाही.

तो आल्यावर पाच महिने काही झालं नाही. फक्त आमच्या घरावर कावळा बसायचा नाही. शेजारच्या गच्चीवर थवाच्या थवा, आमच्या कठड्यावर एकही नाही.

डिसेंबरात त्यानं परतीचं तिकीट काढलं. दुसऱ्याच दुपारी अंगणात दार असलेल्या काकांच्या बंद खोलीतून आवाज आला...

सट्.

कामाला येणाऱ्या साळूबाईच्या हातातला झाडू पडला. "ह्यो मालकाच्या पट्ट्याचा आवाज हाय, भाऊ. म्या लई ऐकलाय."

"उंदीर असंल."

"उंदीर पट्टा बांधतो व्हय?"

मी जाऊन बघितलं. पट्टा दारामागच्या खुंटीवर होता. तसाच.

२१ तारखेला ऋतुराज काकांच्या खोलीत ठेवलेली बॅग आणायला आत गेला. मी फाटकाशी रिक्षा थांबवत होतो. मागं दार धाडकन लागलं.

मग... काकांचा आवाज.

"कुठं निघाला रं?"

सट्. सट्. सट्.

"सत्यम! दार उघड! बाबा, नका ना!"

मी लाथा घातल्या. खांदा मारला. आत काहीतरी भिंतीवर आदळत होतं. पुन्हा पुन्हा. मग हाड मोडलं, ते मला दाराबाहेर ऐकू आलं. ऋतुराज गुरासारखा ओरडला. दाराखालून रक्त माझ्या चपलेपर्यंत आलं.

मी तिथंच गुडघ्यावर बसलो. "काका, खोटं मी बोललो! त्याला सोडा! त्याच्या जागी... मी राहतो!"

सगळं थांबलं.

वर फडफड झाली. कठड्यावर कावळा येऊन बसला होता.

दार आपोआप उघडलं. ऋतुराज फरशीवर पडलेला. पाठ सोलून निघालेली, डावा पाय गुडघ्यातून उलटा वळलेला. दुसरं कोणी नव्हतं. पट्टा खुंटीवरच होता. पण त्याचं बक्कल ओलं होतं.

डॉक्टरला आम्ही जिन्यावरून पडला म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी तो कुबड्या घेऊन जर्मनीला परत गेला. फोन करतो, पण त्या दुपारविषयी बोलत नाही.

मी अजून त्याच घरात आहे. भाऊबंद म्हणतात, सत्यमचा घरावर डोळा आहे. म्हणू द्या.

मागच्या आठवड्यात मला पुण्याला नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचंय. आईनं गल्लीभर पेढे वाटले. मलाही जायचंय हो, जन्मभर इथं कसा राहू? आज दुपारी हिंमत करून माळ्यावरची बॅग खाली काढली.

साळूबाई काकांच्या खोलीची फरशी पुसत होती. तिचा हात थांबला.

"सत्यमभाऊ, खुंटीवरचा पट्टा तुम्ही काढला का?"

मी काढलेला नाही.