चार हजार माणसं आणि चार अर्ज

एका कॉलेजच्या दारातून भर दिवसा चार हजार माणसं नाहीशी झाली, म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर कोणी ठेवलेला नाही. पण माणसं गेली, आणि मागे कोणाची चप्पलसुद्धा राहिली नाही.

पहिल्यांदा ध्यानात आलं ते ग्रंथपालबाईंच्या. शुक्रवारी सकाळी त्यांच्या टेबलावर एक कागद येऊन पडला. आज पाच वाजेपर्यंत ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाला वीस अर्ज आले नाहीत, तर वर्ग कायमचा बंद. हा वर्ग बाई एकट्या चालवत. वर्ग गेला की बाईही गेल्या. कागदाच्या तळाशी प्रिंटरने फाइलचं नाव बारीक अक्षरांत छापलं होतं: ‘वर्गबंद अंतिम, खरंच अंतिम.’

बाईंना नोटिशीपेक्षा ते शेपूटच जास्त झोंबलं.

बाकीच्या वर्गांची मुलं विद्यापीठाच्या यादीने यायची. हा एकच वर्ग कॉलेजच्या वेबसाइटवरच्या अर्जावर जगायचा. आणि वेबसाइट कोणाकडे? बाईंकडेच. जिच्याकडे पुस्तकं तिच्याकडे वेबसाइट, असा त्या कॉलेजचा न्याय.

बाईंनी आकडे काढले. पंधरा दिवसांत अर्जाचं पान उघडणारी माणसं चार हजार. पोहोचलेले अर्ज चार. तेही चारही बाईंच्या डोळ्यांसमोर, ग्रंथालयातल्या संगणकावर बसून भरलेले.

मग बाकीचे गेले कुठे?

बाईंनी स्वतः अर्ज भरून पाहिला. नाव, पत्ता, गुण, ‘पाठवा’. गेला! अर्ज ठणठणीत होता.

बाईंचा पहिला संशय प्रवेशखिडकीतल्या काकांवर. वेबसाइटवर अर्ज सुरू झाले तेव्हा हेच काका म्हणाले होते, “आता माझ्या खिडकीत कावळे बसणार.” बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

“काका, वेबसाइटला हात लावलात?”

“मी? अहो, मला घरात टीव्हीचा रिमोट देत नाहीत.”

“मग अर्ज का येत नाहीत?”

“ते तुम्ही जाणे. माझं डोकं मात्र फोनांनी उठलंय.”

“कसले फोन?”

“पोरं विचारतात, बटण कुठंय? मी सांगतो, खाली आहे. म्हणतात, खाली तर सर आहेत. वात्रट मेली! मी ठेवून देतो.”

बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. “असे किती फोन आले?”

“मोजायला बसलो तर जेवू कधी?”

“तुमचा फोन द्या जरा.”

बाईंचा स्वतःचा फोन साधा, आकड्यांचा. त्यावर वेबसाइट दिसत नसे, आणि ती फोनवर कशी दिसते हे पंधरा दिवसांत बाईंनी एकदाही पाहिलं नव्हतं. काकांच्या फोनवर त्यांनी पान उघडलं. आधी एक कपाळ आलं. कपाळ एवढं प्रशस्त, की काका म्हणाले, “चहा सांगू का? भुवयांना वेळ लागेल.” चहा आला, भुवया आल्या, आणि शेवटी प्राचार्य सगळेच्या सगळे येऊन पडद्याच्या खालच्या निम्म्या भागात ठाण मांडून बसले. बाईंनी पान वर सरकवलं. अर्ज सरकला. प्राचार्य हलले नाहीत. अर्जाची शेवटची ओळ आली आणि त्यांच्या मागे गेली.

“आणि बटण?” काकांनी विचारलं.

“यांच्या कोटाखाली.”

काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे पोरं खरं बोलत होती.”

बाई धावत ग्रंथालयात आल्या. वेबसाइटवर कोणी कधी काय बदललं, याची नोंद राहते. अर्ज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी दीड वाजता, हा फोटो चढवला होता. चढवणाऱ्याचं नाव? ग्रंथपालबाई!

बाईंनी वेळ पुन्हा वाचली. दीड वाजता त्या रोज डबा खायला मागच्या खोलीत जात. पासवर्ड मात्र डबा खायला जात नसे. विसरायला नको म्हणून तो चिठ्ठीवर लिहून संगणकालाच चिकटवला होता.

मग त्यांनी फोटोच्या फाइलचं नाव वाचलं, आणि सकाळचा कागद घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. काका मागोमाग. घड्याळात साडेचार.

प्राचार्य म्हणाले, “बाई, आता रडून काय उपयोग?”

“रडायला नाही आले, सर. चोर धरायला आले.” बाईंनी कोपऱ्यात टाइप करत बसलेल्या स्टेनोकडे बोट केलं. “भाऊ, या नोटिशीच्या फाइलचं नाव काय दिलंत?”

“नेहमीचंच. अंतिम, खरंच अंतिम.”

“आणि सरांच्या फोटोच्या फाइलचं?”

स्टेनोची बोटं थांबली.

“मी सांगते. ‘सर फोटो अंतिम, खरंच अंतिम.’ या कॉलेजात फाइलचं असं बारसं तुम्ही एकटेच करता. दीड वाजता माझी खुर्ची रिकामी होती, पासवर्ड समोर होता. मोठ्या पडद्यावर फोटो बाजूला उभा राहतो, म्हणून इथे कोणालाच काही दिसलं नाही. चार अर्ज आले तेही मोठ्या पडद्यावरूनच. पण बाहेरचं जग फोनवर बघतं, आणि तिथे सर बटणावर बसलेत. चार हजार माणसांनी आपलं नावगाव भरलं, बटण शोधलं, आणि निघून गेली.”

“बाई, देवाशपथ, मला बटणाचं माहीत नव्हतं,” स्टेनो रडकुंडीला आला. “मला वरून सांगितलं होतं.”

“वरून म्हणजे?”

काकांनी हळूच प्राचार्यांकडे पाहिलं.

“सर, तुम्ही?” बाईंनी विचारलं.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. “सूनबाईंनी फोनवर साइट दाखवली. मी नखाएवढा! घरात सगळे हसले. मी याला म्हटलं, मला मोठा कर, आणि कोणी सरकवला तरी सरकणार नाही असा कर.”

“झाला खरा तसा,” काका पुटपुटले.

“माझीही चूक आहे, सर,” बाई म्हणाल्या. “मी एकदा फोनवर पाहायला हवं होतं. पण आता तेवढा फोटो काढा, आणि चार दिवसांची मुदत द्या.”

तेव्हा प्राचार्य ताडकन उठले, स्वतःच्या हाताने स्वतःचा फोटो उतरवला, आणि काय सांगावं! बांध फुटावा तसे अर्ज कोसळले. पाचाच्या ठोक्याला चाळीस! वर्ग वाचला, बाई वाचल्या, आणि—

“खोटं.”

माझी गोष्ट ऐकणाऱ्यांत मागे बसलेला एक पिकल्या केसांचा माणूस उठून उभा राहिला होता.

“साफ खोटं. मी त्या कॉलेजात शिपाई होतो, दाराशीच उभा होतो. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, नोटीस निघाली, आता मागे घेतली तर लोक हसतील. सोमवारी त्या वर्गाची कपाटं मीच ओढून बाहेर काढली. बाई पायरीवर उभ्या होत्या. ‘जपून रे, काचा आहेत,’ म्हणाल्या. तेवढंच बोलल्या.”