बोटं पुसट नकोत

शटर धड उघडं नव्हतं, धड बंदही नव्हतं. आतून पंख्याची घरघर येत होती, म्हणजे आत माणूस होता. थोरलीने आधी हाताने थाप मारली, मग सरळ चप्पल काढून चपलेने.

एक तरुण वाकून बाहेर आला आणि घाईत त्याचं डोकं शटरच्या कडेवर खाडकन आपटलं. एका हातात जेवणाचा रिकामा डबा. दुसऱ्या हाताने डोकं चोळत तो म्हणाला, “आज दुकानाला सुट्टी आहे.”

“मग तुम्ही?”

“काल डबा इथेच विसरलो. आई म्हणाली, डब्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही.”

“बरं झालं विसरलात!” ती बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. “म्हणजे... माझं काम आहे हो. आजच. चार वाजायच्या आत.”

तिच्या हातात एक सीडी होती आणि हातात धरून खेळायचा एक छोटासा गेम. आडवा, काळा, मधोमध पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. तेव्हाच्या मोबाइलवर बोलण्यापलीकडे फारसं काही होत नसे. पण या गेममध्ये कार्ड घातलं की चित्रफीत बघता यायची, एवढं तिने ऐकलं होतं.

“सीडीवरचं यावर चाललं पाहिजे. घरी कार्डावर टाकून पाहिलं, तर म्हणतो, ही फाइल चालवता येत नाही.”

“म्हणणारच. याचे नखरे फार. त्याच्या मापात, त्याच्या प्रकारात दिलं नाही तर तोंड फिरवतो.” त्याने गेम उलटसुलट करून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. अर्धे केस सुटलेले, कपाळावर घाम... चप्पल अजून हातातच. तो किंचित हसला. “ती पायात घाला. मी काम करतो.”

तो एडिटर होता. लोकांच्या समारंभांचं चित्रण कापून-जोडून, वर संगीत लावून द्यायचं, हे त्याचं रोजचं काम. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीभर सीडींच्या चवडी, टेबलावर मोठा संगणक, वायरींचा गुंता आणि ग्राहकासाठी एक डुगडुगणारं स्टूल.

“पडदा भरून हवं ना?” त्याने विचारलं.

“चालेल. लवकर करा.”

“आणि कार्ड लहान आहे. सगळं बसवायचं तर थोडं हलकं करावं लागेल.”

“करा ना!” ती करवादली, आणि फोन वाजला म्हणून बाहेर पायऱ्यांवर गेली. आत रेंजच नव्हती.

फोनवर आई होती, हॉस्पिटलमधून.

“थोरले, चिमणीला आत नेलं गं. काचेच्या खोलीत. आता आपल्याला बाहेरूनच बघायचं. नर्सबाई म्हणतात, वस्तू पुसूनबिसून आत घ्यायच्या, त्या चारपर्यंतच. मग उद्याच.”

“नळी कधी लावणार?”

“आज संध्याकाळी.” आई थांबली. “गेल्या वेळेसारखं झालं तर, थोरले...”

“होणार नाही,” थोरली म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

चिमणी तिची धाकटी बहीण. सात वर्षांची, आणि जन्मापासून ऐकू न येणारी. घरात सगळे तिच्याशी हातांनी, खुणांच्या भाषेत बोलत. गेल्या वेळी आतल्या खोलीत तिला नळी लावली तेव्हा ती का लावली, हे हातांनी सांगणारं कुणी जवळ नव्हतं; ओठ बघावेत, तर आतल्या सगळ्यांची तोंडं मास्कने झाकलेली. तिने ती उपसून काढली. पुन्हा लावली, पुन्हा काढली. शेवटी तिचे दोन्ही हात पलंगाला बांधावे लागले. दुसऱ्या मुलाचे हात बांधले तर ते निदान ओरडतं. चिमणीचे हात बांधले म्हणजे तिचं तोंडच बांधलं. थोरली काचेपाशी पोहोचली तेव्हा हात बांधून झाले होते, आणि त्या दिवशी पाहिलेले डोळे तिला अजून झोपू देत नव्हते.

काचेबाहेर रात्रंदिवस कुणाला थांबू देत नसत, म्हणून या वेळी आईने शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसून सगळं हातांनी सांगितलं होतं. नळी कशी असते, किती वेळ टोचते, का काढायची नाही... आणि शेवटी झोपतानाची गोष्ट.

ती आत आली तेव्हा एडिटर टेबलाखाली शिरला होता.

“काय करताय?”

“आवाज शोधतोय!” खालून उत्तर आलं. “चित्र आलं, पण आवाजाचा पत्ताच नाही. आवाजाची रेघ बघा, सपाट. मला वाटलं वायर सैल आहे. मग वाटलं, फाइल बिघडलीये. दोनदा सगळं पहिल्यापासून केलं...”

“दोनदा?” तिने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजत आले होते. “आवाज नाहीच त्यात! त्या कॅमेऱ्याचा माइक केव्हाच मेलाय!”

तो टेबलाखालून बाहेर आला. केसांत जाळं अडकलेलं. “मग आधी सांगायचं ना, बाई!”

“आणि तुम्ही पडद्याकडे बघायचं ना! एवढी बाई हात हलवतेय तुमच्यासमोर!”

“आमच्या धंद्यात आधी रेघ बघतात. आवाज गेला तर गिऱ्हाईक जीव घेतं.”

“मला आवाज नकोय!” तिचा आवाज फाटला. “माझ्या बहिणीला ऐकू येत नाही. आई तिच्याशी हातांनी बोलतेय. कळलं?”



थोरलीने ओठ घट्ट मिटून घेतले. आता याचा चेहरा बदलणार. तिला ते पाठ होतं. आधी भुवया वर जायच्या, मग मान तिरकी व्हायची, मग तोंडातून ‘अरेरे’ निघायचं. त्या ‘अरेरे’ला टाळण्यासाठीच तर ती कुणाला आधी सांगत नसे.

पण त्याचा चेहरा बदलला नाही. तो खुर्ची ओढून तिच्या जवळ सरकला आणि अगदी कामाच्या सुरात त्याने विचारलं,

“आईंची बोटं किती वेगाने चालतात?”

“अं?”

“बोटं. वेग. मी हलकं करायला म्हणून निम्मी चित्रं गाळलीत. चित्रफीत म्हणजे भराभर पालटणारी साधी चित्रंच असतात ना... निम्मी गाळली तर समारंभात कुणाला कळत नाही. पण इथे बोटं पुसट होतील. मधले शब्दच गळतील.”

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या छातीत काहीतरी हललं, अगदी नको त्या वेळी.

“दाखवा,” ती म्हणाली.

त्याने गेम सुरू केला. पडदा काठोकाठ भरला होता, पण आईचं कपाळ वरून कापलं गेलं होतं आणि हात खाली आले की पडद्याबाहेर जात होते. उरलेली बोटं फेसात बुडाल्यासारखी पुसट दिसत होती.

“नाही चालणार,” तिने मान हलवली. “भुवया दिसल्या पाहिजेत. भुवया वर गेल्या की प्रश्न, आवळल्या की ताकीद. चेहरासुद्धा बोलतो.”

“म्हणजे पडदा भरायचा नाही. चित्र अख्खं ठेवायचं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येऊ द्यायच्या.” त्याची बोटं आता कळफलकावर पळत होती. “चित्रं एकही गाळायचं नाही. आवाजाची रिकामी रेघ काढून टाकू. त्याची जागा चित्राला मिळेल. पण मग सगळं कार्डावर मावणार नाही. काय ठेवायचं?”

“नळीचं. आणि गोष्ट.”

“हे मधे कोण नाचतंय?”

“बाबा. माकड झालेत.”

“छान झालेत. ठेवायचं?”

“काढा,” ती म्हणाली, आणि अगदी बारीक हसली. “त्यांना सांगू नका.”

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. सरकू लागली म्हणणंही जास्तच. ती रांगत होती. थोरली नख कुरतडत होती. पट्टी निम्म्यावर येऊन अडली. एडिटर खुर्चीच्या टोकावर आला. “चल, बाळा,” तो संगणकाला पुटपुटला. “आज नको रुसूस.”

पट्टी पुढे सरकली.

कार्ड गेममध्ये घातल्यावर दोघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. दोघांच्याही लक्षात आलं, आणि कुणीच सरकलं नाही.

“वाचा,” तो म्हणाला. “मोठ्याने. शब्द गळतोय का, मला कळायला हवं.”

ती आईचे हात वाचू लागली. “‘नर्समावशी येईल. पांढरी नळी. मुंगी चावते तेवढंच दुखेल. मग औषध आत जाईल... तू काढायची नाहीस. आम्ही काचेमागे आहोत. थोरलीसुद्धा. थोरली रागावलेली दिसली तर घाबरू नकोस. ती घाबरली की रागावते. आतून ती...’”

ती थांबली.

“पुढे?”

“नीट दिसत नाही.”

“खोटं,” तो हळूच म्हणाला. “चित्र लख्ख आहे. मी केलंय.”

तिने मान वर केली. इतक्या जवळून त्याचे डोळे तपकिरी दिसत होते. “‘आतून ती लोण्याची आहे,’” ती कशीबशी म्हणाली. “झालं? चला आता, उशीर होतोय.”

“रिक्षा मिळेपर्यंत चार वाजतील. मागे बसा.”

त्याची स्कूटर जुनी होती, पण तो ती गल्लीबोळांतून अशी काढत होता की थोरलीने डोळे मिटून त्याचा शर्ट मुठीत धरला. एका वळणावर गेम तिच्या मांडीवरून घसरला. तिने तो पोटाशी आवळला आणि उरलेल्या हाताने शर्ट आणखी घट्ट पकडला.

“फाटेल तो!” तो ओरडला.

“फाटू दे! वेगात चालवा!”

हॉस्पिटलच्या जिन्यावरून ती धावत सुटली, मागोमाग तो. वर नर्सबाई खिडकी लावून घेत होत्या.

“मावशी, थांबा! हे... हे आत द्यायचंय!”

नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. काटा चारवर टेकला होता. त्यांनी धापा टाकणाऱ्या दोघांकडे पाहिलं, उसासा टाकला आणि हात पुढे केला. “आणा. नेहमी शेवटच्या क्षणी.”

मग बराच वेळ वाट पाहणं. आई डॉक्टरांच्या खोलीत बोलत बसली होती. काचेपलीकडे, काचेला लागूनच असलेल्या पलंगावर चिमणी, पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. नर्सबाईंनी पुसलेला गेम तिच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

चिमणी वळली नाही. मग वळली. पडद्यावर आई होती.

थोरली काचेला चिकटली. आत ट्रे आला. नळी आली. चिमणीचा हात आखडला, टोचलं तसं तोंड वेडंवाकडं झालं... आणि मोकळा हात झपकन नळीकडे गेला.

हात नळीवर थांबला. चिमणीने पडद्याकडे पाहिलं. पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग तिने नळी सोडली आणि नर्सबाईंचं बोट धरून ठेवलं.

थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. एडिटर शेजारी उभा होता. त्याने खिशात रुमाल शोधला, तो सापडला नाही, म्हणून शर्टाची बाही पुढे केली. चुरगळलेली होतीच. तिने खुशाल डोळे पुसले.

तेवढ्यात चिमणीने त्यांना पाहिलं. तिचा मोकळा हात काचेपलीकडे हलला. थोरलीने उत्तर दिलं. चिमणीने पुन्हा काही विचारलं, आणि या वेळी थोरलीचे हात बराच वेळ चालत राहिले. मधेच अडखळले, मग पुन्हा चालले.

“काय विचारते?” तो म्हणाला.

“हा कोण, विचारते.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, दुकानवाला.”

“दुकानवाला सांगायला इतके हात हलवावे लागतात?”

ती लाल झाली. “तुम्हाला ऐकू येतं, हीच पंचाईत आहे. हातांनी सोपं होतं हो... आता तोंडाने बोलावं लागणार.” तिने खोल श्वास घेतला. “मी सांगितलं, की याने मला कीव दाखवली नाही. याने बोटांचा वेग विचारला. आणि... हा माणूस मला उद्याही इथे हवाय.”

काचेला पाठ टेकून तो फक्त तिच्याकडे बघत होता.

“उद्याच कशाला,” तो हलकेच म्हणाला. “मी रोज येईन.”

टक टक टक. काच वाजली. आतून चिमणी अधीर होऊन हात हलवत होती.

“आता काय म्हणते?”

थोरलीने कपाळाला हात लावला. “मेले मी! ती ओठ वाचते. माझं सगळं वाचलं तिने. म्हणते, तो काय म्हणाला? त्याचं तोंड दिसत नाही, त्याला इकडे वळव.”

एडिटरचे कान शेंदरासारखे झाले. थोरलीने त्याला खांद्यांना धरून काचेकडे फिरवलं.

“म्हणा.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“म्हणा!”

त्याने काचेच्या अगदी जवळ जाऊन, एकेक अक्षर दिसेल असं, तोंड मोठं उघडून सांगितलं, “रोज येईन!”

“हळू बोला, पेशंट आहेत!” मागून कुणी तरी खेकसलं.

चिमणीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. विचार केला. मग मोकळा हात उचलून तिने थोरलीला एक छोटीशी खूण केली आणि दोघांकडे पाठ करून आईची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावली.

“काय म्हणाली?” त्याने घाबरत विचारलं.

थोरलीने त्याच्या बाहीची सुरकुती बोटांनी सरळ केली. बाही सरळ झाली तरी तिने हात काढून घेतला नाही.

“म्हणाली, येऊ दे.”