कूलरच्या आधीचं तापमान

पहिल्यांदा मला त्याचे फक्त बूट दिसले. माझ्या गाडीखालून बाहेर आलेले, आणि परवानगीचा पत्ता नाही.

माझा पारा चढायला तसाही वेळ लागत नाही. दादा मला ठिणगी म्हणतो ते उगाच नाही. त्यात जीव टांगणीला लागलेला. गेल्या शर्यतीत इंजिन जळालं होतं, तेही तेलाच्या तापमानाचा काटा शेवटपर्यंत गार दाखवत असताना. उद्याच्या शर्यतीत पुन्हा जळालं तर गाडी विकायची, असं दादानं बजावलं होतं.

"कोण आहे खाली?"

"शेजारचा," बूट म्हणाले. "तेल ठिबकताना दिसलं, म्हणून..."

बाहेर आला तो शेजारच्या शेडमधला ड्रायव्हर, सगळे ज्याला थंडोबा म्हणत तो. गालावर तेलाचा फराटा आणि चेहऱ्यावर घाई म्हणून नाही.

"तुमचा सेन्सर चुकीच्या जागी आहे," तो म्हणाला. "कूलरमधून तेल गार होऊन बाहेर येतं, तिथे बसवलाय. मग तो गारच दाखवणार ना?"

म्हणजे दोष माझ्या चालवण्याचा नव्हता... दादा मात्र तेव्हापासून मलाच दोष देत आला होता.

त्याचं म्हणणं, इंजिनाखालच्या चेंबरमध्ये तेल साठतं, तिथे तळाचा बोल्ट काढून सेन्सर लावू. मी म्हटलं, गाडी आधीच जमिनीला टेकलेली. ट्रॅकच्या कडेला सेन्सर घासला की तेलासकट सगळं गेलं. तो पुन्हा गाडीखाली डोकावला.

"मग चेंबरच्या बाजूला, तळापासून जरा वर."

"तेच म्हणतेय मी."

"नाही, तुम्ही नुसत्या भांडत होतात."

हसू मी कसंबसं दाबलं. चेंबर उतरवून धुतला, त्यानं बाजूला नट वेल्ड केला, सेन्सर मी बसवला. एकाच पान्याकडे दोघांचे हात गेले तेव्हा त्याचे कान लाल झाले. "मला... म्हणजे उद्या... टायरमधली हवा तपासून घ्या," एवढं बोलून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी निम्मी शर्यत झाली आणि काटा चढू लागला. या वेळी तो खरं बोलत होता. मी पाय सैल केला, वरच्या गियरमध्ये गाडी सोडली, आणि थंडोबा मला मागे टाकून पुढे गेला. दादा रेडिओवरून कानात ओरडत होता. मी काट्याकडे बघत दम धरला. तो उतरला तशी मी गाडी पिटाळली, शेवटच्या वळणावर आतून घुसले आणि बोनेटभर अंतरानं जिंकले.

दादा धावत आला. "विकायची नाही," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसायला पाठ वळवली.

मग थंडोबा आला, हेल्मेट काखेत धरून. "अभिनंदन. छान चालवलीत."

"हे कूलरनंतरचं झालं," मी म्हणाले. "चेंबरमधलं सांगा."

या वेळी त्यानं मनातलं गार होऊ दिलं नाही.

"तू मला आवडतेस. तुझं इंजिन जळालं तेव्हापासून त्याचंच कोडं सोडवत होतो. आणि... काल तेल ठिबकतच नव्हतं."

मी त्याचा हात हातात घेतला. लोक ह्याला थंडोबा म्हणतात, पण तळहात चांगलाच तापला होता.